कच्च्या छपराचा धर्म

घर पक्कं व्हावं म्हणून माणसाने आजवर असंख्य नियम केले. ज्यू धर्मशास्त्राने मात्र घर कच्चंच राहावं म्हणून नियम केले आहेत. ज्यू पंचांगातल्या तिश्री महिन्याच्या १५ तारखेपासून सात दिवस सुक्कोतचा सण असतो. या दिवसांत राहतं घर सोडून अंगणात, गच्चीवर उभारलेल्या खोपीत, म्हणजे ‘सुक्का’त, जेवायचं, बसायचं आणि जमेल तिथे झोपायचंही.

खोपीच्या भिंती कशाच्याही चालतात. सगळा काटेकोरपणा छपराचा. ते जमिनीतून उगवलेल्या, पण तोडलेल्या फांद्यांचं किंवा झावळ्यांचं हवं. उन्हापेक्षा सावली जास्त पडावी, तरी रात्री त्यातून चांदण्या दिसाव्यात. झाडाखालची खोप चालत नाही, पक्क्या छताखालचीही नाही. उंचीलाही २० हातांची मर्यादा आहे. त्याहून उंच बांधायचं तर बांधकाम भक्कम करावं लागतं, असं त्याचं एक कारण तल्मुद या ज्यू धर्मग्रंथात दिलं आहे.

मिसरच्या गुलामीतून सुटलेले पूर्वज ४० वर्षं रानात भटकले, त्याची ही आठवण. त्या खोपी खऱ्याखुऱ्या होत्या की ईश्वरी तेजाच्या मेघांचं ते छत्र होतं, यावर रब्बी अकिवा आणि रब्बी एलिएझर या प्राचीन धर्मगुरूंमध्ये मतभेद होता. परंपरेने दोन्ही मतं जपली आणि ते योग्यच केलं. उघड्यावरची असहायता आणि आपल्याला कुणीतरी सांभाळतंय हा विश्वास, दोन्ही त्या विरळ सावलीत एकत्र नांदतात.

सुटका झाली वसंतात; सण येतो शरदात, धान्य आणि द्राक्षं घरात आल्यावर. बाराव्या शतकातले फ्रान्समधले भाष्यकार रश्बाम यांनी याचं मर्म सांगितलं आहे. कोठारं भरली की हे सारं आपल्याच बळावर उभं राहिलं, असं माणसाला वाटू लागतं. नेमकं तेव्हाच त्याने घराबाहेर पडायचं. सण टिकला तोही या कच्चेपणामुळेच. इ.स. ७० मध्ये रोमनांनी ज्यूंचं जेरुसलेमचं मंदिर पाडलं. दगडी मंदिर गेल्यावरही ही खोप उरली, कारण ती कुठल्याही देशात चार फांद्यांत उभी राहते आणि आठवड्याने मोडता येते.

पण इथे एक गल्लत टाळायला हवी. झोपडीतल्या आठवड्याचं कौतुक करताना ज्यांचं सारं आयुष्यच तंबूत जातं, त्यांच्या हालांवर पावित्र्याचा मुलामा चढवणं अमानुष आहे. शास्त्राने ही वाट आधीच बंद केली आहे. पावसाने ताटातलं अन्न नासू लागलं की खोप सोडून घरात जायची मुभा आहे. सुक्का ज्याला खरोखर त्रासदायक होतो, त्याच्यावर तिथे राहण्याचं बंधन उरत नाही. हाल सोसण्यात पुण्य मोजणारा हा सण नाही. त्याला ‘आनंदाचा काळ’ म्हणतात. तो आहे घर असलेल्यांसाठी.

मग घर असलेल्याने या आठवणीचं करायचं काय? पाचच दिवस आधी योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, होऊन गेलेला असतो. कोकणातले बेने इस्रायल ज्यू त्याला ‘दारफाळणीचा सण’ म्हणत. त्या दिवशी दारं लावून घेऊन उपास करत. तो दिवस आत वळण्याचा, सुक्कोत बाहेर येण्याचा. रोज संध्याकाळी अब्राहामपासून दावीदपर्यंतच्या सात पूर्वजांपैकी एकाला खोपीत येण्याचं निमंत्रण देण्याची रीत आहे. पण पूर्वजांना बोलावून भागत नाही. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात या सणाच्या आनंदात परका, अनाथ आणि विधवा यांचा वाटा सांगितला आहे. मध्ययुगीन ज्यू धर्मशास्त्री मायमोनिदीस तर सणांविषयी स्पष्टच बजावतात की अंगणाची दारं लावून फक्त आपल्या बायकामुलांसोबत जेवणाऱ्याचा आनंद हा निव्वळ पोटाचा आनंद असतो.

आपलं घर कायमचं नाही, एवढं कळल्याने माणूस फार तर हळवा होतो. कधीकाळी आपणही निवाऱ्याला मोताद होतो, हे आठवून जो आज निवारा नसलेल्यासाठी जागा करतो, त्याच्या खोपीला पावित्र्य येतं.