अदृश्य सेवेचा धर्म

शेंडगावात १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी ज्या वऱ्हाडात झाडलोटीलाच पूजेचे स्थान दिले, तेथे आज अमरावती-अकोल्यातील अनेक गिऱ्हाइकांची संकेतस्थळे सांभाळणाऱ्याला, जे कोणी पाहणार नाही ते काम निष्ठेने का करावे, हा प्रश्न पडणे मला स्वाभाविक वाटते. अकोल्याच्या एखाद्या जिनिंगचा चौकशीचा फॉर्म आणि अमरावतीच्या एखाद्या शाळेचा प्रवेशअर्ज एकाच प्लगिनवर, म्हणजे संकेतस्थळाला जोडलेल्या पूरक प्रणालीवर, चालत असले, तर त्यातील एकच उणीव दोघांनाही धोक्यात घालते. म्हणून आधी बॅकअप, मग संकेतस्थळाच्या प्रतिकृतीवर अपडेट, आणि शेवटी स्वतः फॉर्म भरून ईमेल पोहोचल्याची खातरजमा, असा बंदोबस्त प्रत्येक स्थळी निराळा करावा लागतो. संकेतस्थळे चालवणाऱ्या वर्डप्रेस या प्रणालीने २०२० मध्ये, ५.५ या आवृत्तीत, प्लगिन आपोआप अद्ययावत होण्याची सोय केली खरी. परंतु मालकाने आपले दप्तर विश्वासाने यंत्राच्या नव्हे, माणसाच्या हवाली केलेले असते. निष्काम कर्म म्हणजे फलाविषयी बेफिकिरी, हा अर्थ मला मान्य नाही. प्रशंसेची अपेक्षा नसावी. फॉर्म चालतो की नाही याची तळमळ मात्र असलीच पाहिजे, आणि ती मोबदला थकवणाऱ्या लहान दुकानदाराविषयीही, निदान त्याचा करार चालू आहे तोवर.