हरकत कशी घ्यायची

चि. सानिका हिस,


सोसायटीसमोरच्या जुन्या बंगल्याच्या जागी फास्टफूडचं मोठं दुकान येणार, रात्री उशिरापर्यंत उघडं राहणार, आणि त्याविरुद्ध तुम्ही मुलं घरोघरी सह्या गोळा करताय, हे तुझ्या आईकडून कळलं. मी तुमच्याच बाजूची आहे. पण नुसत्या सह्यांच्या आकड्यावर विसंबू नका, हे सांगायला हे पत्र. याचं एक उदाहरण देते.

मेलबर्नच्या पूर्वेला, डँडेनाँग डोंगरांच्या पायथ्याशी टेकोमा नावाची छोटी वस्ती आहे. तिथे मॅकडोनल्ड्सने चोवीस तासांचं रेस्टॉरंट काढायचं ठरवलं. समोर प्राथमिक शाळा. स्थानिक परिषदेकडे १,१७० हरकती गेल्या आणि ऑक्टोबर २०११ मध्ये नगरसेवकांनी एकमताने परवानगी नाकारली. कंपनी राज्याच्या न्यायाधिकरणात गेली आणि २०१२ मध्ये निकाल फिरला. जागा व्यापारी पट्ट्यात होती, अशा वापराला नियमांत वाव होता. किती लोकांना ते नको आहे, यावर निकाल ठरला नाही. तरी लोक हटले नाहीत. जुनी इमारत पाडायची वेळ आली तेव्हा काही जण छपरावर जाऊन बसले. आठ आंदोलकांना कंपनीने कोर्टात खेचलं. नव्वद हजारांहून जास्त सह्या घेऊन मंडळी थेट शिकागोपर्यंत गेली. रेस्टॉरंट एप्रिल २०१४ मध्ये उघडलंच. त्या माणसांबद्दल मला फार आदर आहे, आणि म्हणूनच त्यांची हार मनाला लागते.

फ्लॉरेन्समध्ये उलट झालं. तिथल्या कॅथीड्रलच्या चौकात याच कंपनीला २०१६ मध्ये महापौरांनी नकार दिला. जुन्या शहरातल्या खानावळींनी स्थानिक पदार्थ वापरावेत, असा नियम शहराने त्याच वर्षी, आधीच करून ठेवला होता. कंपनीने जवळपास १ कोटी ८० लाख युरोंच्या भरपाईचा दावा लावला, पण चौकात दुकान आलं नाही. विरोध दोन्हीकडे होता. फ्लॉरेन्सच्या हाती नियमही होता.

तेव्हा आधी महापालिकेच्या नगररचना विभागात जा. विकास आराखड्यात तो प्लॉट निवासी आहे की व्यापारी, समोरचा रस्ता किती मीटरचा, बंगल्याचा वापर बदलायची परवानगी मागितली आहे का, ते बघ. जवळ शाळा असेल तर तिच्या फाटकापासूनचं अंतरही मोजून घ्या. २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ आणि साखरेचे पदार्थ शाळकरी मुलांना विकायला मनाई आहे.

मग हरकत लिहा, आणि डोळ्यांना दिसेल असं लिहा. ‘परिसराची शांतता भंगेल’ या वाक्याने कोणी हलत नाही. भटारखान्याचा एक्झॉस्ट कोणाच्या बाल्कनीसमोर उघडणार? तळणाचा वास वाळत घातलेल्या कपड्यांत बसतो, धुतला तरी जात नाही. भांड्यांचं तेलकट पाणी तेल अडवणाऱ्या ग्रीस ट्रॅपशिवाय सोडलं तर चेंबर तुंबतं आणि मैला तळमजल्यावाल्यांच्या मोरीत वर येतो. डिलिव्हरीवाल्या पोरांच्या दुचाकी उभ्या कुठे राहणार? रात्री अकराला त्या तुमच्या फाटकातच राहतील, आणि अँब्युलन्स आली तर वळायला जागा नसेल. नकाशा जोडा, फोटो जोडा, पोच घ्या.

बर्गर खाणाऱ्यांना आणि तिथे राबणाऱ्या मुलांना मात्र नावं ठेवू नका. तीही आपलीच मुलं आहेत, त्यांना नोकरी हवी आहे. भांडण जागेचं आहे, तेवढंच ठेवा.

टेकोमाची एक गोष्ट राहिली. ते ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियाने २०१५ मध्ये कायदा बदलला. एखाद्या बांधकामाचा लोकजीवनावर मोठा परिणाम होईल का, हे ठरवताना हरकती किती आल्या तेही आता तिथे बघावं लागतं. पण हरकत कितीही चांगली लिहिली तरी आपल्याकडे मुदत संपल्यावर आलेला कागद कोणी वाचत नाही. तेव्हा सोमवारीच जा, आणि जाताना तळमजल्यावरच्या आजींना सोबत घे. मोरीचं त्या स्वतः सांगतील.

तुझी,
आत्या