पूर्वेच्या दाराने

हे प्रभू परमेश्वरा, यहेज्केलाला तू पहिल्यांदा दिसलास ते यरुशलेमेच्या मंदिरात नव्हे, बाबेलच्या मुलखात, खबार नदीकाठी. इ.स.पूर्व ५९७ मध्ये राजा यहोयाकीनबरोबर धरून नेलेल्यांपैकी तो एक. याजकाच्या घराण्यातला, आणि मंदिर शेकडो कोस मागे राहिलेले. तिथे तू चाकांवरच्या सिंहासनावरून आलास. चाकात चाक, आणि धावा डोळ्यांनी भरलेल्या. ती चाके फिरत कशी असतील, हे चित्र माझ्या डोक्यात आजवर नीट बसलेले नाही. पण ज्याच्या सिंहासनाला चाके आहेत त्याला कुठलीही वेस अडवत नाही, एवढे कळते. त्यासाठी तुझे आभार.

प्रभू, यहेज्केलाचे पुस्तक आम्ही सोयीने वाचतो. कुणाला माती दिली की सदतिसावा अध्याय काढतो, सुक्या हाडांच्या खोऱ्यात उभे राहतो आणि डोळे पुसतो. आधीची न्यायाची पाने शेजाऱ्यासाठी लिहिली आहेत, अशी आमची समजूत.

आज मला आठव्या अध्यायात थांबव. तिथे तू संदेष्ट्याला भिंत फोडायला लावलीस आणि आतले दाखवलेस. भिंतीवर कोरलेले सरपटणारे प्राणी, अंधारात इस्राएलाचे सत्तर वडील, प्रत्येकाच्या हाती धूपपात्र, आणि देव काही पाहत नाही अशी सगळ्यांची खात्री. परके नव्हते ते. घरचे होते, मानाचे होते. मग कमरेला दौत लावलेल्या माणसाला तू नगरभर फिरवलेस आणि तिथल्या अमंगळपणापायी उसासे टाकणाऱ्यांच्या कपाळावर खूण करवलीस. खूण विद्वानांना मिळाली नाही, देणगीदारांनाही नाही. ज्यांच्या जिवाला लागले होते, त्यांना मिळाली. मला सवय झाली आहे, प्रभू. जातीवरून मारलेल्या पोराची बातमी वाचतो आणि वर्तमानपत्राची घडी घालून चहा घेतो. तो उसासा मला दे.

आणि यहेज्केलाचे ते केस! तलवारीने मुंडण, तागडीत तीन वाटे: एक विस्तवात, एक तलवारीखाली, एक वाऱ्यावर. थोडेसे केस तेवढे झग्याच्या सोग्यात बांधलेले, आणि त्यांतलेही काही पुन्हा आगीत. आशा तू एवढीशी ठेवलीस आणि तीही पारखून घेतलीस. मला तीच पुरे. सभांमधून वाटली जाते ती नको.

तुझे तेज मंदिरातून निघाले तेही किती रेंगाळत! उंबरठ्यावर थांबले, पूर्वेच्या दारापाशी थांबले, मग नगराबाहेरच्या डोंगरावर. रागावून घर सोडणारा माणूस असा पावलोपावली थांबत नाही. पण उरलेल्यांसाठी आक्रोश करणारा आवाज त्या पानांवर एकट्या यहेज्केलाचा आहे.

पुढे नगराला वेढा पडला त्या सुमारास त्याची बायको गेली आणि तू त्याला रडूही दिले नाहीस. लोकांसाठी ते चिन्ह होते, हे मी वाचले आहे. तरी याचा जाब मी तुला एक दिवस विचारणार आहे.

५८६ मध्ये यरुशलेम पडले. त्यानंतर चौदाव्या वर्षी तू त्याला दाखवलेस की तुझे तेज पूर्वेच्याच दाराने परत येत आहे. उंबरठ्याखालून पाणी निघाले: घोट्याइतके, गुडघ्याइतके, कमरेइतके, मग पोहण्याजोगे. ते खाऱ्या समुद्राला मिळाले की त्याचेही पाणी गोडे होणार होते, एन-गेदीला कोळी जाळी पसरणार होते. दलदली मात्र तू खाऱ्याच ठेवल्यास, मिठासाठी. एवढ्या मोठ्या दर्शनात मिठाची आठवण ठेवणारा देव मला आवडतो.

त्याच भूमीवर आणि इतरत्र आज ज्यांची घरे गेली, ज्यांना ढिगाऱ्याखालून आपली माणसे काढावी लागतात, त्यांच्यापाशी तुझी चाके पोहोचव. आणि तू न्यायाला सुरुवात आपल्या पवित्रस्थानापासून करतोस, तर आमच्या मंडळीपासून कर: वडिलांपासून, हिशेबाच्या वह्यांपासून, आणि आज ही प्रार्थना करणाऱ्यापासून. आमेन.