सत्य धरावे आणि भावालाही धरावे काय?

धारवाडच्या सुभाष रोडवर बाजारहाट करणाऱ्या आपल्या मराठी मंडळींपैकी कितीजणांना ठाऊक असेल, की इलाख्याच्या काळी इथल्या अँग्लिकन ख्रिस्ती लोकांचे बिशप मुंबईस राहत? १९५६ पर्यंत धारवाड मुंबईकडेच होते. परंतु बासेल मिशनही १८३७ पासून येथे होते, आणि त्यांच्या पाळकांची दीक्षा बिशपांच्या हातून झालेली नव्हती. म्हणून एकाच पेठेत मिरच्या घेणारे दोन बंधू प्रभुभोजनाच्या मेजाशी मात्र परके ठरत.

एडविन जेम्स पामर १९०८ ते १९२९ मुंबईचे बिशप होते. ऑक्सफर्डचा हा विद्वान बिशपपदाला ढिला मानणारा नव्हता. प्रेषितांपासून आलेली ती ठेव आहे, अशी त्यांची श्रद्धा. तरीही १९१९ साली त्रांकेबारला ऐक्याची हाक उठल्यावर, पुढील संयुक्त समितीत त्यांनी मनापासून काम केले. १९२९ ची योजना अशी: यापुढील सर्व दीक्षा बिशपांच्या हातून व्हाव्या, पण आज सेवेत असलेल्या इतर मंडळ्यांच्या पाळकांना पुन्हा दीक्षा घ्यायला लावू नये.

याला तत्त्वच्युती म्हणावे काय? विरोधक तसे म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे हलके नव्हते. जे खरे ते तीस वर्षांपुरते थोडे बाजूला ठेवता येते काय? घरात आपण तसे करीत नाही. मला वाटते, पामरांनी दोन गोष्टी निराळ्या ओळखल्या. मला मिळालेली ठेव पुढच्या पिढीस देणे, हे माझे कर्तव्य. पण ती ठेव नाही म्हणून ज्याच्या सेवेवर देवाने उघड आशीर्वाद दिला त्याला "तू पाळकच नव्हेस" असे म्हणणे, हे कर्तव्य नव्हे. पहिल्यात निष्ठा आहे. दुसऱ्यात बरेचदा आपला मान असतो, आणि तो निष्ठेचे कपडे घालून येतो. (पंचकमिटीत बसलेल्यांना हे सांगायला नको!)

किंमत मात्र खरी पडली. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासला दक्षिण भारताची मंडळी स्थापन झाली, तेव्हा नंद्यालकडील अनेक अँग्लिकन मंडळ्या बाहेर राहिल्या. इंग्लंडातील जुन्या मित्रसंस्थांनीही हात आखडता घेतला. पामर तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. मुंबईचे पद सोडून त्यांना अठरा वर्षे झाली होती.