प्रयोजनावाचून निर्मिती

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात एक कठीण पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचा आक्षेप, मांडलेला आहे. शहाणा माणूस प्रयोजनावाचून, म्हणजे काहीतरी साधायचे असल्याखेरीज, कशालाही हात घालत नाही. मग जे ब्रह्म आप्तकाम आहे, ज्याला मिळवायचे असे काहीच उरलेले नाही, त्याने हे विश्व कशासाठी निर्माण केले? ही निर्मिती केवळ लीला आहे आणि लोकव्यवहारातही असे घडताना दिसते, असे सूत्रकारांचे उत्तर आहे. भाष्यात शंकराचार्य दृष्टान्त देतात तो सर्व इच्छा पुरवल्या गेलेल्या राजाचा किंवा राजाच्या अमात्याचा, ज्याला क्रीडेतून क्रीडेपलीकडचे काही हवे नसते. लीलेचा दाखला देताना आचार्यांना संन्यासी नव्हे तर पदावर असलेला, जबाबदारी वाहणारा माणूस आठवावा, याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

नोकरीत निम्मे आयुष्य गेल्यावर एखादा गृहस्थ कुंचला किंवा छिन्नी हातात घेतो तेव्हा घरचेच लोक त्याला याचा उपयोग काय म्हणून विचारतात, आणि तो प्रश्न म्हणजे नकळत मांडलेला तोच पूर्वपक्ष असतो. चंडीगडच्या नेकचंद सैनी यांचे उदाहरण या प्रश्नाला थेट भिडते. १९२४ मध्ये जन्मलेले आणि फाळणीत ज्यांचे गाव पाकिस्तानात गेले असे नेकचंद या नव्या राजधानीच्या बांधकाम खात्यात रस्ते-निरीक्षक होते. ल कॉर्बुझिए यांच्या आराखड्याप्रमाणे शहर उभे राहत असताना त्यासाठी जुनी गावे पाडली जात होती. १९५७च्या सुमारास नेकचंद यांनी त्या गावांचा राडारोडा आणि शिवालिकच्या पायथ्याचे दगड सायकलवरून सुखना तलावाजवळच्या राखीव वनातील एका घळीत नेऊन साठवायला सुरुवात केली. लोखंडी सळ्यांच्या सांगाड्यावर सिमेंट थापायचे आणि ते ओले असतानाच त्यात फुटक्या बांगड्या, कपबश्यांचे तुकडे बसवायचे, अशा रीतीने माणसे, पशू आणि पक्षी यांच्या रांगाच्या रांगा तेथे उभ्या राहिल्या. त्या जागेवर बांधकामाला मनाई असल्याने हे सारे नोकरीची वेळ संपल्यावर आणि कोणाला कळू न देता चालले; सत्तरीच्या दशकाच्या मध्यापर्यंत प्रशासनाला त्याचा पत्ता नव्हता.

या गुप्ततेचे तात्त्विक मोल मोठे आहे. पोटाची सोय पगाराने केली होती, त्यामुळे निर्मितीवर कमाईचा भार नव्हता. आणि उघडकीला आल्यास नोकरीच जाण्याची भीती असल्याने कौतुकाची आशाही नव्हती. व्यवसाय हा छंदाचा शत्रू आहे, ही समजूत येथे टिकत नाही, कारण त्या व्यवसायानेच निर्मितीला प्रयोजनाच्या जाचातून सोडवले होते.

यावर एक गंभीर आक्षेप उरतो. ईश्वराची लीला पूर्णतेतून येते, तर गमावलेल्या गावाची उणीव मनात बाळगणारा माणूस आप्तकाम कसा म्हणावा? लौकिक क्रीडेत काही सूक्ष्म प्रयोजन कल्पिता येईल, हे आचार्यांनी स्वतःच मान्य केले आहे, आणि तेवढी मर्यादा मानवी लीलेला मान्य करावीच लागेल. तरीही उणिवेने आरंभाचा उलगडा होतो, पुढच्या सगळ्याचा नाही; एका आकृतीच्या खांद्यावर हिरव्याच काचेचा तुकडा का बसावा, याचे उत्तर फाळणीत सापडत नाही.

१९७६ मध्ये ही जागा रॉक गार्डन म्हणून लोकांसाठी खुली झाली आणि नेकचंद यांना तिच्याच कामावर पगारी नेमणूक व हाताखाली मजूर मिळाले. छंदाची नोकरी झाली, म्हणून लीला तेथेच संपली, असे कठोर वाचक म्हणेल. तो निष्कर्ष घाईचा वाटतो. गीतेने फळाच्या आसक्तीचा त्याग सांगितला आहे, न मागता आलेले फळ परतवून लावण्याची अट घातलेली नाही. नेमणुकीनंतर बांधलेले धबधबे आणि कमानी सरकारच्या दृष्टीने सप्रयोजन होत्या यात शंका नाही. पण प्रयोजन कर्त्याच्या ठायी शोधायचे असते, आणि हे हात ते काम आदेश निघण्यापूर्वी जवळजवळ दोन दशके करतच होते.