सामान्य अहवाल आणि परक्याचे दुःख

चेतातंतू आणि स्नायू यांच्या विकारांचे निदान करणाऱ्या विद्युत्-चाचण्यांच्या मुळाशी ज्ञानमीमांसेतील एक जुना प्रश्न आहे. दुसऱ्याच्या देहातील वेदना ज्याला भोगता येत नाही, त्याला ती आहे किंवा नाही असे म्हणण्याचा अधिकार कोणत्या प्रमाणाने मिळतो, हा तो प्रश्न होय. तो आज केवळ ग्रंथांपुरता राहिलेला नाही. बंगळुरूच्या दक्षिणेस होसूर रस्त्यावर, कोनप्पना अग्रहार आणि दोड्डतोगुरू या गावांच्या जमिनीवर, केऑनिक्स या कर्नाटक शासनाच्या महामंडळाने रामकृष्ण बाळिगा यांच्या पुढाकाराने 1970च्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक सिटीची उभारणी सुरू केली. 1981 साली पुण्यात स्थापन झालेल्या इन्फोसिसचे मुख्यालय आज तेथेच असून मराठी घरांतून गेलेले असंख्य अभियंते त्या वसाहतीत दिवसभर संगणकासमोर बसतात. मनगटातील कळ, बोटांना येणाऱ्या मुंग्या आणि रात्री बधिर होणारा तळहात या तक्रारी तेथे नित्याच्या आहेत. त्यांची शहानिशा करण्याची साधनेही दूर नाहीत, कारण बोम्मसंद्र येथील मोठी रुग्णालये आणि शहराच्या बाजूस असलेली निमहान्स ही मेंदू व चेतासंस्थेच्या विकारांची राष्ट्रीय संस्था याच रस्त्यावर आहेत.

चाचणीचे स्वरूप प्रथम स्पष्ट केले पाहिजे. तिचे दोन भाग असतात. पहिल्या भागास 'नर्व्ह कंडक्शन' म्हणतात. त्यात मनगटाशी आणि कोपराशी त्वचेवरून विजेचा अत्यल्प काळाचा धक्का देऊन अंगठ्याच्या स्नायूवर उमटणारा प्रतिसाद नोंदवतात, आणि दोन बिंदूंतील अंतराला लागलेल्या वेळेने भागून तंतूतील संदेशाची गती काढतात. निरोगी प्रौढाच्या हातात ती साधारणपणे सेकंदाला 50 मीटरहून अधिक असते. दुसऱ्या भागात, म्हणजे ईएमजीत, बारीक सुई स्नायूत घालून तो शिथिल असताना आणि रुग्ण त्याला आकुंचित करीत असताना उमटणाऱ्या विद्युत्-लहरी पाहिल्या जातात. ही गती मोजता येईल, हेच एकेकाळी अशक्य वाटत होते. योहानेस म्युलर या थोर शरीरशास्त्रज्ञाने ती आशा सोडून दिली होती, पण 1850 साली त्याचाच शिष्य हेल्महोल्ट्झ याने बेडकाच्या तंतूवर ती मोजली आणि ती ध्वनीच्या वेगाहूनही पुष्कळ कमी भरली. इच्छा आणि हालचाल यांच्यामध्ये काळाचे मोजता येण्याजोगे अंतर आहे, हे त्यामुळे सिद्ध झाले.

परंतु गती मोजणे म्हणजे वेदना मोजणे नव्हे. तंतूची मंद गती हा न्यायशास्त्राच्या परिभाषेत हेतू आहे, म्हणजे ज्यावरून अनुमान करायचे ती खूण, आणि विकार हे साध्य आहे, म्हणजे जे सिद्ध करायचे ते. अनुमान खरे ठरण्यासाठी दोहोंमध्ये व्याप्ती हवी, म्हणजे जेथे हेतू तेथे साध्य असा न चुकणारा संबंध हवा. येथे तो दोन ठिकाणी ढळतो. वातानुकूलित दालनातून थेट आलेल्या माणसाचा थंड हात निरोगी असूनही मंद गती दाखवतो, आणि म्हणूनच जाणता तंत्रज्ञ चाचणीपूर्वी हाताला ऊब देतो. शिवाय, ज्यांना कसलीही तक्रार नाही अशा काही माणसांतही मनगटापाशी तंतूची गती मंदावलेली आढळते. जो हेतू साध्य नसतानाही आढळतो त्याला नैयायिक सव्यभिचार म्हणतात, आणि नुसती मंद गती पाहून दुःखाचे अनुमान करणारा याच दोषात सापडतो.

मात्र खरा अन्याय होतो तो याच्या उलट बाजूने, अहवाल 'सामान्य' आला असता. तक्रार करणाऱ्यास मग त्याच्या वरिष्ठांकडून, कधी घरच्यांकडून आणि कधी वैद्याकडूनही सांगितले जाते की त्याला काहीच झालेले नाही. वस्तूच्या न दिसण्यावरून तिचा अभाव कधी सिद्ध होतो, या प्रश्नावर भारतीय दर्शनांनी जितका बारकाईने विचार केला आहे तितका फार थोड्या परंपरांनी केला असेल. कुमारिल भट्टाने अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे स्वतंत्र प्रमाण मानले. नैयायिकांनी अभावाचे ज्ञान प्रत्यक्षातच समाविष्ट केले, तर बौद्ध आचार्य धर्मकीर्तीने ते अनुमानाखाली आणले. इतर बाबतीत एकमेकांचे कट्टर विरोधक असलेले हे तिन्ही पक्ष एका अटीवर मात्र एकत्र येतात. वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच तिचे न दिसणे तिच्या अभावाचा पुरावा ठरते. उजेडातल्या जमिनीवर घट दिसला नाही तर तो तेथे नाही असे म्हणता येते, पण अंधारात तसे म्हणता येत नाही.

ही योग्यतेची अट चाचणीला लावली की पुष्कळ गोष्टी उघड होतात. नेहमीची नर्व्ह कंडक्शन चाचणी जाड आणि जलद तंतूंचीच नोंद घेते. आग, कळ आणि उष्णता यांचे ज्ञान आणणारे बहुतेक तंतू मात्र फार बारीक असतात. त्यांपैकी ज्यांवर मायलिनचे आवरणच नसते, त्यांची गती सेकंदाला सुमारे एक-दोन मीटर इतकीच असून त्यांचा संकेत या चाचणीत उमटत नाही. मधुमेहात पायांची आग होणाऱ्या रुग्णाचा अहवाल सामान्य येऊ शकतो तो याच कारणाने. योग्यता काळावरही अवलंबून असते. तंतू तुटला तरी तुटल्या जागेच्या खालचा भाग काही दिवस संदेश वाहत राहतो, आणि स्नायूचा तंतूशी संबंध तुटल्याची सुईने दिसणारी खूण उमटायला दोन-तीन आठवडे लागतात. 2025च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिया-बारे या आजाराचे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच चेतातंतूंवर उलटून येणाऱ्या लुळेपणाचे, अनेक रुग्ण आढळले. आघात तंतूच्या आवरणावर आहे की गाभ्यावर, हे सांगण्यास ही चाचणी अशा वेळी अमोल ठरते, आणि तरीही आजाराच्या पहिल्या दिवसांत ती सामान्य येऊ शकते हे प्रत्येक चेताविकारतज्ज्ञाला ठाऊक असते. तेव्हा तो अहवालापेक्षा रुग्णाच्या पायांतील उतरत्या शक्तीवर आणि त्याच्या सांगण्यावर विसंबतो.

येथे वात्स्यायनाच्या न्यायभाष्यातील एक विचार फार उपयोगी पडतो. काही विषय अनेक प्रमाणांनी कळतात. डोंगराआड आग आहे हे माणूस आधी कोणाकडून ऐकतो, जवळ जाताना धुरावरून ताडतो आणि शेवटी डोळ्यांनी पाहतो, आणि पाहिल्यावर त्याची जिज्ञासा शमते. वैद्याचा मार्गही तक्रार ऐकण्यापासून सुरू होतो आणि चाचणीवरून अनुमान करण्यापर्यंत जातो, परंतु परक्याच्या दुःखाचे प्रत्यक्ष त्याला कधीच लाभत नाही. काही विषय एकाच प्रमाणाने कळतात, हे सांगताना वात्स्यायनाने दिलेले एक उदाहरण हाताचे आहे. आपला हात प्रत्यक्ष दिसत असता त्यासाठी अनुमानही लागत नाही आणि कोणाचे वचनही लागत नाही. त्याच हातातील कळ भोगणाऱ्याला अशीच मनाने प्रत्यक्ष असते. दुःख हा आत्म्याचा गुण आहे असे नैयायिक मानतात, तर गीतेचा तेरावा अध्याय सुखदुःखांची गणना क्षेत्रात, म्हणजे देहादी संघातात करतो आणि ज्ञानेश्वरीने त्या क्षेत्राचा विस्ताराने ऊहापोह केला आहे. हा मतभेद लहान नाही. दुःख क्षेत्रात असेल तर एखादे यंत्र त्याच्या जवळपास तरी पोहोचेल अशी आशा धरता येते. तथापि क्षेत्राला जाणणारा क्षेत्रज्ञच असतो, यंत्र नव्हे, म्हणून भोगणाऱ्याच्या साक्षीची गरज दोन्ही मतांत शिल्लक राहते.

रजा किंवा भरपाई मिळवण्यासाठी कोणी खोटे बोलणार नाही असे नाही, आणि या आक्षेपाला उत्तर दिल्यावाचून साक्षीचा पक्ष पुरा होत नाही. ज्याचे वचन प्रमाण मानावे तो आप्त. वात्स्यायनाच्या मते आप्त तो, ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे, आणि हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे. पहिल्या अटीबाबत वेदना भोगणाऱ्याची बरोबरी कोणीच करू शकत नाही, म्हणून शंका घेता येते ती केवळ दुसरीबाबत. आणि तेथे यंत्र फारसे काही बोलत नाही. सुईच्या चाचणीत रुग्णाने जोर कमी लावला तर स्नायूतील लहरी विरळ उमटतात, पण तो कमी जोर अनिच्छेचा, वेदनेच्या भीतीचा की मेंदूतील विकाराचा हे लहरींवरून ठरत नाही. कोणाला असत्यवादी ठरवायचे असेल तर त्याच्या कपटाचा स्वतंत्र पुरावा हवा, आणि सामान्य अहवाल हा तसा पुरावा नाही. म्हणून कोणते तंतू तपासले, कोणते या पद्धतीने तपासता येत नाहीत आणि तक्रार सुरू झाल्यावर किती दिवसांनी चाचणी झाली, एवढे तरी अहवालात लिहिलेले असणे न्याय्य होय. इलेक्ट्रॉनिक सिटीतील कचेरीत तो कागद ज्याच्या हाती पडतो त्याला वैद्यक येत नसते, आणि 'सामान्य' या एका शब्दावरून तो दुसऱ्याच्या हाताविषयी निर्णय देऊन मोकळा होतो.