नवऱ्याचा आधार क्रमांक

1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नावापाठोपाठ आधी आईचे नाव लिहायचे, असा नियम महाराष्ट्र सरकारने केला. त्याचे कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. पुढच्याच वर्षी त्याच सरकारने 'लाडकी बहीण' योजनेतल्या बायकांना ई-केवायसी करायला लावली आणि बाईच्या आधार क्रमांकाबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा क्रमांक मागितला. दोघेही नसतील तर काय, हा प्रश्न उशिरा सुचला. मग मुदत वाढली. मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचा कागद किंवा कोर्टाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे द्या, असे ठरले. विधवेकडे दाखला असतो. घटस्फोटितेकडे निकालाची प्रत असते. नवऱ्याने टाकलेल्या आणि कोर्टाची पायरी कधीच न चढलेल्या बाईकडे काय असते? पोरे असतात.

अशा योजनांनी फुले-कर्व्यांचे अपुरे काम पुरे केले, असे व्यासपीठांवरून हल्ली बिनदिक्कत सांगितले जाते. मला ते उलटे वाटते. एकट्या आईचा हक्क तिच्या स्वतःच्या नावावर असावा, हा विचार आपल्याकडे बराच पुढे गेला होता. तो मागे आला तो टाळ्यांच्या गजरात.

सुरुवातीचा भाग सर्वांना पाठ आहे. 1863चे बालहत्या प्रतिबंधक गृह, 1889चे शारदासदन, 1896चा अनाथ बालिकाश्रम, 1909चे पुण्याचे सेवासदन. शारदासदन काढणाऱ्या पंडिता रमाबाई स्वतःच लहान मुलगी पदरी असलेल्या विधवा होत्या, हे मात्र त्यांच्या विद्वत्तेच्या कौतुकात विसरले जाते. आश्रयाकडून शिक्षणाकडे आणि शिक्षणाकडून कमाईकडे, असा तो प्रवास झाला. पुढे कामगार चळवळीने त्यात भर घातली. मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा 1929चा. त्याच्या विधेयकाच्या बाजूने डॉ. आंबेडकर कौन्सिलात बोलले होते. 1961चा केंद्राचा कायदा उघडून पाहा. बाईने ठरावीक दिवस काम केले आहे का, एवढेच तो विचारत असे. लग्न झाले का, नवरा कुठे आहे, हे विचारत नसे.

खरा मुद्दा यापुढचा आहे, आणि तिथेच बहुतेकांचे वाचन चुकते.

वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली, 1972च्या दुष्काळात पसरलेली आणि 26 जानेवारी 1979 पासून कायद्याने लागू झालेली रोजगार हमी. शहरांतल्या नोकरदारांच्या व्यवसाय करातून तिचा पैसा आला. 2005 साली केंद्राने रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राने देशाला दिशा दिली म्हणून आपण पाठ थोपटून घेतली. पण या दोन कायद्यांत एक मूलभूत फरक आहे. आपल्या कायद्याची हमी ग्रामीण भागातल्या प्रत्येक प्रौढ माणसाला होती, आणि तिला दिवसांची मर्यादा नव्हती. केंद्राची हमी कुटुंबाला मिळाली, आणि ती वर्षाला 100 दिवसांची.

त्यात काय एवढे, असे वाटेल. टाकलेली बाई पोरांना घेऊन भावाच्या दारात येते. भाऊ, वहिनी, ती, असे सगळे मिळून 100 दिवस. आधी कामावर कोण जाणार? कायद्याने कुटुंबाची व्याख्या केली ती रक्ताच्या, लग्नाच्या किंवा दत्तकाच्या नात्याने एकत्र राहणारी, एकत्र जेवणारी किंवा एका रेशनकार्डावरची माणसे अशी. म्हणजे स्वतःचे जॉबकार्ड हवे असेल तर ज्या चुलीने तिला सावरले तिच्यापासूनच वेगळे व्हायचे. एकल महिलांना स्वतंत्र कार्ड द्यावे, असे मार्गदर्शक सूचना सांगतात. पण 'तुम्ही जेवता तर एकत्रच ना' हे ठरवणारे ग्रामपंचायतीत बसलेले असतात.

जुनी रोजगार हमी म्हणजे रामराज्य होते असे नाही. मातीकाम जोडीने चाले. पुरुष खोदणार, बाई पाट्या टाकणार आणि मोजमापावर मजुरी. जोडीदार नसलेल्या बाईला आधी खोदणारा शोधावा लागे. पाळणाघर बहुतेकदा कागदावरच, पोर झाडाला बांधलेल्या लुगड्यात. तरीही मागणी करणारी ती स्वतः होती. 1988 साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद झाली. निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकलेल्या स्त्रियांचा प्रश्न चव्हाट्यावर आणला. स्वतःच्या नावाचे रेशनकार्ड ही त्या चळवळीची मागणी याच धाग्यातली. पोटगीची कमाल मर्यादा तेव्हा महिना 500 रुपये होती. ती 2001 साली उठली.

हमीच्या सीमा कुठे संपत होत्या, हे बालाघाट जिल्ह्यातल्या तिरोडीत उभे राहिले की कळते. 1956 पर्यंत बालाघाट आणि भंडारा एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर. तुमसरहून रेल्वे तिरोडीच्या मँगनीज खाणीपर्यंत येते. मुली द्यायच्या-घ्यायच्या त्या बावनथडी नदीच्या दोन्ही काठांवर. राज्य पुनर्रचनेत बालाघाट मध्य प्रदेशात राहिले आणि रोजगार हमी नदीपाशी थांबली. भंडाऱ्याच्या काठावरच्या विधवेला 1979 साली कामाचा हक्क मिळाला. तिरोडीच्या विधवेला त्यासाठी 2006 उजाडले, आणि मिळाला तो कुटुंबाच्या वाट्याने.

पुढचे सारे त्याच वाटेने गेले. मध्य प्रदेशात 'समग्र आयडी'शिवाय पान हलत नाही, आणि ती मुळात कुटुंबाची नोंद. माहेरी परतलेली बाई सासरच्या समग्रमध्येच अडकून राहते. नाव वेगळे काढायला पुन्हा पंचायतीचे उंबरठे. 2023 साली 'लाडली बहना' आली, महिना 1000 रुपये. सामाजिक सुरक्षा पेन्शनचे 600 रुपये घेणाऱ्या विधवेला किंवा परित्यक्तेला त्यातले फक्त वरचे 400 मिळाले. नवरा कमावतो त्या शेजारणीला पूर्ण 1000. नदीच्या अलीकडे हिशेब आणखी साफ. संजय गांधी निराधार योजनेचे 1500 मिळतात ना, मग लाडकी बहीण नाही. जिला आधाराची गरज सर्वांत जास्त, तिच्या हाती कमावत्या नवऱ्याच्या बायकोपेक्षा एक रुपयाही जास्त पडत नाही. याला न्याय म्हणायला बरेच धाडस लागते.

केंद्र सुधारू शकते, हेही खरे. मातृवंदना योजनेतली पतीच्या आधारकार्डाची सक्ती 2022 साली एकट्या मातांसाठी उठली. महाराष्ट्रही 100 दिवसांपलीकडची हमी स्वतःच्या तिजोरीतून देतो. पण डिसेंबर 2025मध्ये रोजगार हमीच्या जागी नवा कायदा संसदेने मंजूर केला, तेव्हा भांडण झाले ते नावावर आणि पैशांच्या वाटणीवर. 100चे 125 दिवस झाले. ते मोजायचे मात्र अजून कुटुंबामागेच.

दोन्ही राज्यांनी करायचे ते फार अवघड नाही. प्रत्येक प्रौढ बाईचे जॉबकार्ड वेगळे करावे, चूल कुणाची हे न विचारता. पेन्शन वजा करणे थांबवावे. टाकलेल्या बाईने स्वतः लिहून दिलेला जबाब पुरावा म्हणून स्वीकारावा. आणि हे होईपर्यंत फुल्यांचे नाव या योजनांच्या जाहिरातींत घेऊ नये.